जुनी वाफेची इंजिने कशी टिकली : मराठवाड्यातून पाहताना

मराठवाड्यात वाफेच्या इंजिनांच्या गाडीने प्रवास केलेली पिढी अजून आहे, पण ज्या इंजिनांच्या आठवणी ती सांगते ती बहुतेक भंगारात गेली. असे का झाले, हे समजण्यासाठी जगातील सर्वांत जुनी इंजिने मुळात वाचली कशी, हे आधी पाहावे लागते.

आज उरलेल्या इंजिनांत सर्वांत जुने ‘पफिंग बिली’ होय. ईशान्य इंग्लंडमधील वायलम येथील कोळसा खाणीसाठी विल्यम हेडली यांनी ते १८१३-१४ मध्ये बनवून घेतले. त्याच्या वजनाने ओतीव लोखंडाचे रूळ तुटू लागले, तेव्हा भार वाटला जावा म्हणून त्याला चाराच्या जागी आठ चाके बसवण्यात आली. पुढे मजबूत रूळ आले आणि चाके पुन्हा चारच झाली. अशा दुरुस्त्या होत होत ते १८६२ पर्यंत कोळसा ओढत राहिले आणि त्याच वर्षी लंडनच्या पेटंट कार्यालयाच्या संग्रहालयात पोहोचले. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यातील १८२९ चे ‘रॉकेट’ही त्याच वर्षी तेथे आले. ही इंजिने शोधाचा पुरावा म्हणून जपली गेली. मात्र पुरावा गोळा करणारे येईपर्यंत ती कोणीतरी मोडीत न काढता राखली होती, ही गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे.

भारतात ही संधी अनेक इंजिनांना मिळाली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी नेणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी एकही आज उरलेले नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, इंग्लंडमधील लीड्सच्या किट्सन कारखान्यात तयार झालेली ‘फेअरी क्वीन’ मात्र वाचली. ईस्ट इंडियन रेल्वेवर हावडा-राणीगंज मार्गावर टपालगाड्या ओढल्यावर आणि नंतर बिहारमधील बांधकामावर राबल्यावर १९०९ च्या सुमारास ती निवृत्त झाली. पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती हावड्यात चौथऱ्यावर उभी होती, त्यानंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेली आणि अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आली. १९९७ मध्ये दुरुस्त होऊन ती दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांची गाडी ओढू लागली आणि १९९८ मध्ये गिनीज बुकाने जगातील नियमित धावणारे सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून तिची नोंद घेतली.

याच किट्सन कारखान्याचा मराठवाड्याशीही संबंध आहे. ब्रिटिश रेल्वे अभियंता एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिने लीड्सहून किट्सननेच पाठवली होती. अडीच फुटी (म्हणजे दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेल्या) मार्गावर कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉप यांचा दंडक असल्याने या लहान इंजिनांना दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाके देण्यात आली. वायलमच्या खाणीत जी अडचण आली, तिच्यावरचा उपाय येथे सुरुवातीपासूनच आराखड्यात होता. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झालेला हा मार्ग १९०७ मध्ये तडवळ्याला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. लातूरच्या बाजारपेठेला त्यामुळे मुंबईकडे जाणारी वाट मिळाली. उत्तरेकडे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारा निजाम सरकारच्या हमीवरील मीटरगेज (रुळांमध्ये एक मीटर अंतराचा) मार्ग त्याआधीच, १९०१ पर्यंत, पूर्ण झाला होता.

या दोन्ही मार्गांचे पुढे रुंदीकरण झाले. मनमाड-औरंगाबाद हा पट्टा १९९२ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला, बार्शी-लातूरचा त्यानंतर दीड दशकाने. रुंदीकरण व्हायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत नाही. पण ब्रॉडगेजचे जुने इंजिन निदान त्याच रुळांवरून संग्रहालयापर्यंत ओढून नेता येते. अडीच फुटी किंवा मीटरगेज इंजिनाच्या पायाखालचे रूळ उखडले की ते जागच्या जागी निरुपयोगी ठरते, आणि मग त्याची किंमत वजनकाट्यावरच ठरते.

वाचलेले इंजिन चालवावे की नुसते राखावे, हा जतनातील जुना पेच आहे. चालवायचे तर बॉयलरची दाबचाचणी करावी लागते, झिजलेल्या नळ्या आणि पत्रे बदलावे लागतात, आणि प्रत्येक बदलाबरोबर मूळ धातू कमी होतो. म्हणून ‘रॉकेट’ जसे सापडले तसेच ठेवून धावण्यासाठी त्याच्या प्रतिकृती बनवल्या गेल्या. मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो, विशेषतः जेथे त्या प्रकारचे एकच इंजिन उरले आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर आज हाताशी आहे ते ज्ञान. कोळसा किती पातळ थरात पसरावा, बॉयलरमधील पातळी दाखवणाऱ्या काचनळीतले पाणी कोठवर उतरू द्यावे, बॉयलर किती दिवसांनी धुवावा, हे पूर्णा, परभणी, नांदेडच्या निवृत्त ड्रायव्हर, फायरमन आणि फिटर मंडळींना ठाऊक आहे. कोणतेही इंजिन पुन्हा तापवताना आराखड्यांइतकीच या माहितीची गरज पडते. ती मराठीत, त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवण्याचे काम विद्यापीठांनी आणि रेल्वेने आताच हाती घ्यायला हवे.