खाजकुहिली आणि लेव्होडोपामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली

खाजकुहिली ही कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर झुडपांवर, कुंपणांवर चढणारी शेंगवर्गीय वेल. शेंगेवरच्या कुसांनी अंगाला खाज सुटते. औषधात बी वापरतात. संस्कृत ग्रंथांत तिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात, तर काष्ठौषधीच्या दुकानात ती कवचबीज किंवा कौंचबीज या नावाने मिळते. आयुर्वेदात वातशमन आणि वाजीकरण (कामशक्ती वाढवणे) हे तिचे मुख्य उपयोग. या बियांमध्ये लेव्होडोपा असल्याचे १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवले. पार्किन्सनवरील, म्हणजे कंपवातावरील, नेहमीच्या गोळीतले मुख्य द्रव्यही हेच आहे; मेंदूत त्याचे डोपामिन होते.

लेव्होडोपा काही वर्षे घेतल्यावर अनेक रुग्णांचे हात, मान किंवा धड आपोआप वळवळू, डोलू लागते. याला डिस्कायनेशिया म्हणतात. मूळ आजारातला कंप संथ आणि एका लयीत असतो. ही हालचाल नाचल्यासारखी, लय नसलेली असते. बहुतेकदा ती औषधाचा अंमल सर्वांत जास्त असताना दिसते. काहींना मात्र ती मात्रा चढताना आणि उतरताना, अशी दोनदा होते; अशा वेळी मात्रा कमी केली तर त्रास उलट वाढू शकतो. त्यामुळे निर्णयापूर्वी काही दिवसांची नोंद हवी: दर अर्ध्या तासाला शरीर जखडलेले, मोकळे की वळवळते, शिवाय गोळीची आणि जेवणाची वेळ.

खाजकुहिलीने डिस्कायनेशिया वाढत नाही किंवा कमी होतो, ही आशा थोड्या रुग्णांवरील अभ्यासांवर उभी आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील चाचणीत ८ रुग्ण होते. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी ३५ मिनिटांत आला, २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या नेहमीच्या गोळीला ६९ मिनिटे लागली. मोकळेपणाचा काळही वाढला, डिस्कायनेशिया मात्र वाढला नाही. त्या ३० ग्रॅममध्ये कार्बिडोपाविना (नेहमीच्या गोळीत लेव्होडोपासोबत असणारे जोड-औषध) १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता. बोलिव्हियातील १८ रुग्णांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भाजून दळलेल्या बियांच्या मोठ्या मात्रेने डिस्कायनेशिया कमी दिसला. पण पुढच्या १६ आठवड्यांच्या अभ्यासात १४ पैकी ७ जणांनी चूर्ण सोडले. चौघांनी पोटाच्या तक्रारींमुळे, तिघांनी हालचाल बिघडल्यामुळे. एकेका मात्रेचा गुण आणि रोजचा वापर यांतला हा फरक जाहिरातींत सहसा येत नाही.

घोटाळा होतो तो मिलिग्रॅमच्या हिशेबात. बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतो, पण जात, पीक आणि प्रक्रिया यांनुसार तो बदलतो. दुधात शिजवून, टरफल काढून केलेल्या शोधित चूर्णात किती उरला, हे प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय सांगता येत नाही. ५ टक्के धरले तर ५ ग्रॅमच्या चमचाभर चूर्णात २५० मिलिग्रॅम होतो. रुग्ण आधीच कार्बिडोपायुक्त गोळी घेत असेल तर हा वाढीव लेव्होडोपाही मेंदूपर्यंत अधिक पोहोचतो, कारण कार्बिडोपा त्याचे मेंदूबाहेर डोपामिनमध्ये होणारे रूपांतर रोखतो. म्हणजे गोळी तशीच ठेवून ‘नुसती जडीबुटी’ म्हणून चूर्ण चालू केले तर डिस्कायनेशिया वाढण्याचीच शक्यता जास्त. फायदा व्हायचा असेल तर गोळीचा काही भाग बदलून, एकूण मात्रा मोजूनच. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि पाकांतही कौंचबीज असते, म्हणून घरातल्या डब्यांवरचे घटक वाचावेत. मुंबईच्या झंडूने बनवलेल्या प्रमाणित चूर्णात ७.५ ग्रॅमला २५० मिलिग्रॅम हे प्रमाण ठरलेले आहे. हिशेबासाठी असेच चूर्ण घ्यावे.

कार्बिडोपा नसताना मळमळ, उलटी आणि उभे राहताच रक्तदाब उतरणे हे त्रास अधिक होतात, आणि बी ६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने गुणही घटतो. प्रथिनांनी भरलेल्या जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतल्यास शोषण कमी होते. चूर्ण दुधातून घेण्याची प्रथा या कामी अडचणीची आहे. पाण्यातून, जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घेणे बरे. भ्रम किंवा भास होणाऱ्यांनी आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्यांनी ते टाळावे.

कंपवाताच्या काही औषधी पाठांत खुरासनी ओवाही (स्वयंपाकातल्या ओव्याहून वेगळी वनस्पती) असतो. त्याने कंप कमी होतो, पण डिस्कायनेशिया वाढू शकतो आणि वृद्धांना विस्मरण, बद्धकोष्ठ, लघवी अडणे असे त्रास होतात. डिस्कायनेशियावर सर्वांत भक्कम पुरावा असलेले औषध अमँटाडीन हे आहे, आणि ते वनस्पतीजन्य नाही.

चूर्ण असो की गोळी, लेव्होडोपा एकाएकी बंद करू नये. तीव्र ताप, शरीर ताठरणे आणि शुद्ध हरपणे अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. बदल मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीत, टप्प्याटप्प्यानेच करावा.