पिंक फ्लॉईडची कव्हरं भिंतीवर कशी आली

पिंक फ्लॉईड या ब्रिटिश रॉक बँडचे पंधरा स्टुडिओ अल्बम १९६७ ते २०१४ या काळात निघाले. त्यांची कव्हरं ओळीने मांडून, खाली साल लिहून केलेली प्रिंट आज अनेक घरांत सोफ्याच्या वरच्या भिंतीवर दिसते. इतर बँडच्याही अशा प्रिंट मिळतात, पण त्यांत बहुतेकदा गाणाऱ्यांचे चेहरे असतात. फ्लॉईडच्या प्रिंटमध्ये गाय आहे, वीजकेंद्र आहे, पेटलेला माणूस आहे, समुद्रकाठी मांडलेल्या खाटा आहेत. १९६९च्या ‘उम्मागुम्मा’नंतर दर्शनी कव्हरवर बँडचे चेहरे नाहीतच. माझ्या मते ही चित्रं भिंतीवर शोभतात ती यामुळेच.

रेकॉर्डवर चित्र असावं, ही कल्पना त्यामानाने अलीकडची. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या साध्या तपकिरी कागदात मिळत. अनेक तबकड्यांचा संच असला की फोटोंच्या अल्बमसारखं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक करत. ‘अल्बम’ हा शब्द आला तो तिथूनच. अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४०च्या सुमारास त्या पुठ्ठ्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. १९४८मध्ये त्याच कंपनीने बारा इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली आणि कव्हरचा चौकोन साधारण ३१ सेंटिमीटरचा झाला. खिळ्याला टांगावं, असंच ते माप.

लंडनमध्ये १९६८ साली स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी ‘हिपग्नोसिस’ नावाचा स्टुडिओ काढला. दोघंही बँडच्या केंब्रिजमधल्या मित्रमंडळातले, त्यामुळे फ्लॉईडशी ओळख होतीच. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हे त्यांचं पहिलं कव्हर. दोन वर्षांनी ‘अ‍ॅटम हार्ट मदर’साठी थॉर्गरसन लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बारजवळच्या शेतात गेला आणि समोर दिसलेल्या गायीचा फोटो काढून परतला. कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नुसती मागे वळून पाहणारी गाय.

१९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’बद्दल जरा थांबून बोलायला हवं. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक राइटने या वेळी काहीतरी साधं, नेटकं करा असं सांगितलं होतं. हिपग्नोसिसने प्रकाशाचा किरण आणि लोलक हे चित्र सुचवलं, ते रेखाटलं जॉर्ज हार्डीने. आपण शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ घोकलेलं असतं. ते म्हणत या कव्हरवर बोट फिरवून पाहा: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि एकदम जांभळा. ‘पा’ गायब! मूळ चित्रात पट्टे सहाच आहेत. म्हणून एखाद्या प्रिंटवर सात दिसले, तर ती कुणीतरी नव्याने काढली आहे हे ओळखावं.

या कव्हरमध्ये भिंतीचा विचार पहिल्यापासून होता. कव्हर पुस्तकासारखं उघडतं; रंगांचे पट्टे आतल्या पानांवरून पुढे जातात, तिथे हिरवा पट्टा हृदयाच्या ठोक्यांसारखा वरखाली होतो, आणि मागच्या बाजूला उलटा लोलक ते सगळे रंग पुन्हा एका पांढऱ्या किरणात गोळा करतो. उघडी कव्हरं शेजारी शेजारी लावली तर दुकानाच्या भिंतीवर तो किरण न तुटता चालत राहायचा. शिवाय आत दोन पोस्टर घातलेली होती, त्यातलं एक गिझाच्या पिरॅमिडांचं. ते लोकांनी घरात चिकटवावं म्हणूनच दिलेलं होतं.

पुढच्या कव्हरांमागे प्रत्यक्ष अंगमेहनत होती, संगणकाची करामत नव्हे. ‘विश यू वेअर हिअर’साठी एका स्टंटमनला खरोखर पेटवलं, वारा फिरला आणि त्याची मिशी होरपळली. ‘अ‍ॅनिमल्स’साठी डिसेंबर १९७६मध्ये बॅटरसी वीजकेंद्रावर सोडलेला डुकराच्या आकाराचा फुगा दोर तुटून विमानांच्या वाटेत शिरला आणि थेट केंट परगण्यातल्या शेतात उतरला. १९८७च्या अल्बमसाठी डेव्हनच्या वाळूवर सातशे खाटा मांडल्या. भिंतीवरच्या छोट्या चौकोनात हे कष्ट दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मग सीडी आली आणि ३१ सेंटिमीटरचं चित्र १२ सेंटिमीटरचं झालं. क्षेत्रफळ सातव्या हिश्शापेक्षा फार उरलं नाही. ही चित्रं पुन्हा मोठी पाहायची तर कागदावर छापूनच पाहावी लागणार होती. नव्वदच्या दशकात जुन्या अल्बमांच्या जाहिरातीसाठी थॉर्गरसनने सहा स्त्रियांच्या पाठीवर सहा कव्हरं रंगवून घेतली आणि त्यांना पोहण्याच्या तलावाकाठी बसवून फोटो काढून घेतला. बँडची सगळी वाटचाल एका पोस्टरमध्ये मांडण्याचं याहून गाजलेलं उदाहरण मला ठाऊक नाही.

घरोघरी प्रिंट पोचवणारं तंत्रही रॉकच्याच घरातलं. गायक ग्रॅहम नॅशला आपले फोटो नीट छापून हवे होते. त्यासाठी त्याने छापखान्यात प्रूफ काढायला वापरलं जाणारं ‘आयरिस’ हे इंकजेट यंत्र घेतलं आणि कॅलिफोर्नियात त्यावर कलाप्रती छापणारी संस्था उभी केली. अशा छपाईला ‘जिक्ले’ हे नाव १९९१मध्ये तिथेच काम करणाऱ्या जॅक डुगॅनने दिलं. नॅशचं ते यंत्र आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सुरुवातीच्या शाया लवकर फिकट पडत. पुढे रंगाचे बारीक कण असलेली पिगमेंट शाई आली आणि रंग टिकू लागले. हव्या तेवढ्याच प्रती काढता येत असल्याने पंधरा कव्हरांची प्रिंट विकणं लहान विक्रेत्यालाही जमू लागलं.

मात्र यातल्या कितीतरी प्रिंटवर हार्डी, थॉर्गरसन, पॉवेल ही नावं नसतात आणि चित्रांच्या हक्कांचाही पत्ता नसतो. घेताना मी आधी ते पाहते. नंतर मोजते ते लोलकाचे पट्टे. आणि दर वेळी नजर उजव्या कडेला अडते, कारण शेजारच्या कव्हरात जायला निघालेला तो प्रकाश इथे चौकटीच्या पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबलेला असतो.