मेन्दोसा–सान्तियागो अंतर आणि उड्डाणकाळ

अर्जेंटिनातील मेन्दोसा आणि चिलीची राजधानी सान्तियागो यांच्यातील हवाई अंतर सुमारे १८० किमी आहे; रस्त्याने तेच जवळपास दुप्पट, साधारण ३६० किमी होते. मधे अँडीज पर्वत उभा आहे. विमान पाऊण तासाच्या आसपास हवेत असते, तर बसला सहा ते आठ तास लागतात आणि सीमेवरच्या तपासणीला रांग असेल तर त्याहूनही जास्त.

वेळापत्रक वाचताना एक गंमत लक्षात ठेवावी. अर्जेंटिनाचे घड्याळ वर्षभर एकच असते, चिलीचे मात्र दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात त्याच्या एक तास मागे जाते. त्यामुळे हिवाळ्यात मेन्दोसाहून दहाला निघालेले विमान स्थानिक वेळेनुसार दहाच्या आधीच सान्तियागोला टेकू शकते. परतीच्या प्रवासात हा तास वसूल होतो.

मेन्दोसा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसातशे मीटर उंचीवर आहे, तर मार्गाच्या उत्तरेचे आकोंकाग्वा शिखर ६,९६१ मीटर. म्हणजे उड्डाण होताच भराभर उंची घ्यायची आणि पर्वत मागे पडताच तितक्याच लगबगीने उतरायचे. सान्तियागोला जाताना आकोंकाग्वा पाहायचे असेल तर उजवीकडची खिडकी घ्यावी.

अंतर किती, यापेक्षा आपण आत्ता कुठे आहोत हा प्रश्न या पर्वतावर फार महाग पडला आहे. २ ऑगस्ट १९४७ रोजी ब्वेनोस आयरेसहून सान्तियागोला निघालेल्या ‘स्टार डस्ट’ या ब्रिटिश विमानाने संध्याकाळी ५:४१ला संदेश पाठवला, की ५:४५ला पोहोचतो. ते पोहोचलेच नाही. त्याचे अवशेष थेट १९९८ मध्ये अँडीजमधल्या तुपुंगातो शिखराच्या हिमनदीतून वर आले. समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्याने वेग खाल्ला होता. पर्वत ओलांडला असे समजून वैमानिकांनी विमान खाली आणले, असा निष्कर्ष निघाला.

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी मेन्दोसाहून सान्तियागोला निघालेल्या उरुग्वेच्या हवाई दलाच्या विमानाचेही तसेच झाले. ते सरळ पर्वतावरून न जाता दक्षिणेच्या प्लांचोन खिंडीतून वळसा घेणार होते. खिंडीपासून पलीकडच्या, चिलीतील कुरिको शहरापर्यंत अकरा मिनिटे लागायला हवीत. वैमानिकाने तिसऱ्याच मिनिटाला कुरिको आल्याचे कळवले आणि उत्तरेकडे वळण्याची परवानगी मिळवली. खाली ढग होते आणि ढगांत डोंगर. ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनी जिवंत परतले.

जमिनीवरचा मार्ग त्याहून जुना. १८१७च्या तिथल्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाचा स्वातंत्र्यसेनानी सान मार्तिन याचे सैन्य मेन्दोसाहून डोंगर ओलांडून गेले आणि १२ फेब्रुवारीला स्पॅनिश फौजेविरुद्धची चाकाबुकोची लढाई जिंकले. त्या वाटचालीला सुमारे तीन आठवडे लागले होते. १९१० मध्ये रेल्वे आली. चढावर रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवलेली ही गाडी १९८४ मध्ये बंद पडली. आज सारी वाहतूक १९८०च्या क्रिस्तो रेदेन्तोर बोगद्यातून होते. तो सुमारे ३,२०० मीटर उंचीवर असून तीन किमीहून थोडा लांब आहे. चिलीच्या बाजूला उतरणाऱ्या घाटाला ‘लोस काराकोलेस’, म्हणजे गोगलगायी, म्हणतात. मालाचे ट्रक त्या वळणांवरून खरोखरच त्याच चालीने सरकतात. हिवाळ्यात हिमवर्षावाने हा घाट बंद होतो. तेव्हा ट्रकचालक दोन्ही बाजूंना दिवसचे दिवस थांबून राहतात, आणि त्यांच्या डोक्यावरून विमान तासाच्या आत पलीकडे उतरते.