कवडीच्या जागी आलेलं बटण

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. कठीण कवच घासायचं, भोक पाडायचं, दोरा ओवायचा. बटणकामाचं, म्हणजे कापडावर-कागदावर शोभेची बटणं लावण्याच्या कामाचं, मूळ या खटाटोपात आहे, शर्टाच्या काजात नाही. सिंधू संस्कृतीतली शिंपल्याची बटणंही मुख्यतः शोभेचीच होती. आपल्याकडे अंगरखा बांधायला बंद असत. बाराबंदीच्या नावातच ते मोजलेले आहेत. मग कापडाची गुंडी आली. 'काज' हा शब्द तर पोर्तुगीज 'काझा'वरून, म्हणजे 'घर'वरून आलेला. बटणाचं घर!

खान्देशात शोभेची ही जागा कवडीने धरली होती. चाळीसगाव, जामनेरकडच्या तांड्यांवरच्या बंजारा कामात कवड्या, आरसे आणि नाणी एकाच पट्टीवर येतात. कवडी शिवायची म्हणजे आधी तिची फुगीर पाठ फोडून सपाट करायची. मग दोरा त्या भोकातून घालून पुढच्या दातेरी फटीतून काढता येतो. दोन भोकांच्या बटणाला हा खटाटोप लागत नाही, टाका मात्र जवळपास तोच. म्हणून बटण हाती आलं तेव्हा बायकांना नवं काही शिकावं लागलं नाही.

ते स्वस्त व्हायला मात्र वेळ लागला. अमेरिकेत आयोवातल्या मस्कटीन गावी १८९१ पासून नदीच्या शिंपल्यांतून बटणं कापली जाऊ लागली; १९०७ मध्ये बेकलाइट निघालं; पुढे पॉलिस्टर आल्यावर बटण किलोवर विकलं जाऊ लागलं. अमळनेर, जळगाव, धुळ्याच्या गिरण्यांचं कापड आणि शिंप्याच्या डब्यातली जोडी तुटलेली बटणं, दोन्ही घरात होतीच. गोधडीची चौकट, दारावरचं तोरण, पोळ्याची झूल यांवर ती चढली. झुलीवर कडेच्या चार बोटांत ती लावू नयेत. बैल गव्हाणीला अंग घासतो आणि पहिल्याच दिवशी टाके तुटतात.

माप 'लाईन'मध्ये असतं: ४० लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचं १८ लाईन साधारण ११ मिमी, कोटाचं ३२ लाईन २० मिमी. तीन फुटी दाराच्या तोरणाला १८ लाईनची ६० आणि ३२ लाईनची १५ बटणं भरपूर होतात. त्याहून जास्त घातली की कापड मधोमध झोळीसारखं लोंबतं.

मांजरपाट घ्यायचा तर आधी भिजवून वाळवून घ्यावा. कोरा घेतला तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, बटण आटत नाही, आणि भोवती चुण्या पडतात. मागे अस्तर हवंच. टाका घालताना बटणाखाली आगकाडी ठेवावी, चार वेढे झाले की ती काढून दोऱ्याची मान दोनतीनदा गुंडाळावी. जाड कापडावर ही मान नसली तर बटण कापडात रुततं. लोखंडी कडीची बटणं धुवायच्या वस्तूवर नकोतच, गंजाचा पिवळा डाग सहज जात नाही.

कागदावरचं काम हे गुलाबाईच्या (खान्देशातल्या मुलींच्या उत्सवाच्या) आराशीचं आणि गणपतीच्या मखराचं. इथे फसगत जास्त. घोटीव कागद सुईने फाटतो, म्हणून तो आधी २५० ग्रॅमच्या कार्डशीटवर चिकटवून घ्यावा. मग थर्माकोलवर ठेवून भोकं आधी टोचावीत आणि नंतर दोरा घालावा. खालून चाचपत सुई वर काढली की शेजारी दुसरं भोक पडतं आणि दोन भोकांमधला कागद तुटतो.

शिवायचं नसेल तर बटणाची पाठ पॉलिश पेपरने खरवडावी. गुळगुळीत प्लास्टिकवर पांढरा डिंक वाळतो, पण धरत नाही. आठवड्याने बटण टक्कन सुटून येतं. डिंक थेंबभरच, कारण त्यातल्या पाण्याने कागद फुगतो. वाळेपर्यंत वर वही ठेवावी आणि रात्रभर हलवू नये. ग्लू गनचं काम झटपट होतं, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दारावर लावायच्या तोरणाला ती वापरू नये. जळगावच्या ४४-४५ अंशांत उन्हाने तापलेल्या लोखंडी चौकटीवर तो गोंद मऊ पडतो आणि मोठी बटणं आधी घसरतात. तिथे दोराच बरा.