थर्सडे (अमेरिकन बँड)

थर्सडे हा न्यू जर्सीतला इमो आणि पोस्ट-हार्डकोर रॉक बँड, सुरू झाला १९९७ मध्ये न्यू ब्रन्सविकला. न्यू ब्रन्सविक म्हणजे रटगर्स युनिव्हर्सिटीचं गाव, रॅरिटन नदी ओलांडली की एडिसन, जिथे आपल्यापैकी प्रत्येकाचा एक तरी मावसभाऊ राहतोच, त्यामुळे पत्ता समजायला सोपा आहे. ज्या लाइनअपमुळे बँडचं नाव झालं त्यात गायक जेफ रिकली, गिटारवर टॉम कीली आणि स्टीव्ह पेडुला, बेसवर टिम पेन आणि ड्रम्सवर टकर रूल, नंतर कीबोर्डला अँड्र्यू एव्हरडिंग आला.

इमो म्हटलं की आपल्याकडे ऑर्कुटच्या काळातले फोटो आठवतात, एका डोळ्यावर केस, काळं काजळ आणि तोंड पाडलेलं. मूळ प्रकार तो नाही. ८० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन डीसीच्या हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान आणि आक्रमक रॉक वाजवणाऱ्या काही पोरांनी नुसत्या आरडाओरड्याऐवजी मनातलं बोलायला सुरुवात केली, त्यातून इमो निघालं, आणि हार्डकोरचा जोर ठेवून गाण्याची रचना मोडूनतोडून बघायची ते पोस्ट-हार्डकोर. थर्सडे या दोन्हीच्या मधे बसतात. एकाच गाण्यात रिकली आधी हळू, जवळजवळ कुजबुजत गातो आणि मग घसा फाटेपर्यंत किंचाळतो, सूर बऱ्याचदा इकडेतिकडे होतो, पण सूर पक्का असता तर ही गाणी इतकी खरी वाटली असती का, शंकाच आहे.

सुरुवात तळघरातून झाली. त्या भागात पोरं भाड्याच्या घरांच्या बेसमेंटमध्ये शो करायची, स्टेज वगैरे काही नाही, ऐकणारा आणि गाणारा एकाच फरशीवर. १९९९ मध्ये आयबॉल रेकॉर्ड्स या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, 'वेटिंग' हा अल्बम आला आणि २००१ मध्ये व्हिक्टरी रेकॉर्ड्सवर 'फुल कोलॅप्स', ज्याने सगळं बदललं. 'अंडरस्टँडिंग इन अ कार क्रॅश' हे गाणं अपघातात गेलेल्या मित्राबद्दलचं, त्याचा व्हिडिओ एमटीव्ही टू वर लागायला लागला आणि तळघरातला बँड एकदम मोठ्या हॉलमध्ये गेला. अल्बमवरचं कबुतर बँडची खूण झालं आणि चाहत्यांच्या दंडावर गोंदलं गेलं.

सामाजिक जाणीव वगैरे म्हणतात ती यांच्याकडे घोषणेच्या रूपात फारशी नाही. 'एम. शेपर्ड' हे गाणं मॅथ्यू शेपर्डवर आहे, वायोमिंगमधला गे विद्यार्थी, १९९८ मध्ये त्याला मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं होतं आणि काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये त्याचा मृत्यू झाला. असा विषय हाती आला की बहुतेक बँड मुठी आवळून ओरडतात, थर्सडे त्याला घरातल्या कुणाच्या तरी दुःखासारखं गातात. २००३ चा 'वॉर ऑल द टाइम' सुरू होतो तोच ऑफिसात, टाय लावलेला माणूस आणि कॉपीची कॉपी काढत बसलेलं आयुष्य, म्हणजे नाव युद्धाचं आणि पहिलं गाणं नोकरीचं. अर्थात ११ सप्टेंबरची सावली अख्ख्या अल्बमवर आहेच, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींच्या सावलीत वाढलेल्या पोरांकडून दुसरं काय येणार. इराकचं युद्ध त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं आणि अल्बम सप्टेंबरात आला, मोठ्या आयलंड रेकॉर्ड्सवर, बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम यादीत थेट सातव्या नंबरवर. माझ्या मते त्यांचं सगळ्यात पक्कं काम हेच, 'फुल कोलॅप्स'वाले भांडतील.

जाणीव गाण्यात ठेवणं जमलं, धंद्यात मात्र ते सारखे अडखळले. व्हिक्टरीशी बिनसलं त्याची अनेक कारणं, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या उशा. बसलं की फुसकन आवाज करणाऱ्या रबरी उशा असतात ना, तशा लेबलने प्रमोशनसाठी थर्सडेच्या नावाने काढल्या. मेलेल्या मित्रावर गाणारा बँड आणि त्याच्या नावाची पादणारी उशी!

पुढे २००६ मध्ये प्रोड्यूसर डेव्ह फ्रिडमनसोबत 'अ सिटी बाय द लाइट डिव्हाइडेड' केला, मग आयलंडही सुटलं. २००८ मध्ये जपानच्या एन्व्ही या बँडसोबत अर्धा-अर्धा अल्बम, २००९ आणि २०११ मध्ये एपिटाफ या लेबलवर आणखी दोन. त्यातला शेवटचा 'नो देव्होलुसिओन' संथ, धुकट, रात्री हेडफोन लावून ऐकायचा. मग २०११ च्या शेवटी थांबत असल्याचं जाहीर करून टाकलं.

रिकलीची खरी परीक्षा बँड नसताना झाली. तो कलेक्ट रेकॉर्ड्स नावाचं लेबल चालवायचा आणि त्यात मागून पैसा होता मार्टिन श्क्रेलीचा. याच श्क्रेलीच्या कंपनीने २०१५ मध्ये डाराप्रिम या गोळीचा भाव साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० डॉलरवर नेला, एड्सच्या पेशंटना टोक्सोप्लाज्मोसिस या संसर्गात लागणारी गोळी. बातमी फुटल्यावर त्याच महिन्यात लेबलने त्याच्याशी संबंध तोडले, पण पैसाही त्याच्याचबरोबर गेला.

न्यू जर्सीच्या पुढच्या पोरांवर थर्सडेचा हात मोठा आहे. माय केमिकल रोमान्स या बँडचा २००२ चा पहिला अल्बम रिकलीनेच प्रोड्यूस केला होता, आणि ते कितीतरी मोठे झाले. थर्सडे २०१६ मध्ये अटलांटाच्या रेकिंग बॉल फेस्टिव्हलला पुन्हा एकत्र आले. डिसेंबर २०१९ ला माय केमिकल रोमान्स लॉस एंजेलिसमध्ये बऱ्याच वर्षांनी स्टेजवर परतले तेव्हा त्यांच्या आधी वाजवायला थर्सडेच होते, गुरू आधी आणि चेले नंतर. एप्रिल २०२४ मध्ये 'अॅप्लिकेशन फॉर रिलीज फ्रॉम द ड्रीम' आलं, १३ वर्षांतलं पहिलं नवीन गाणं, आणि रिकली त्यातही किंचाळतोच आहे.