वारकरी भजन: छंद, टाळ आणि कणीक

वारकरी भजन मुळात एकट्या गवयासाठी घडलेलेच नाही. वीणेकऱ्याने चरण उचलायचा आणि टाळकऱ्यांनी तो झेलायचा, असा हा व्यवहार. त्याची सोय अभंगाच्या छंदातच आहे. ‘देवाचिये द्वारी। उभा क्षणभरी। तेणे मुक्ति चारी। साधियेल्या॥’ यात अक्षरे ६, ६, ६ आणि ४. लघु-गुरूचा हिशोब नाही, त्यामुळे अक्षर हवे तसे ओढता येते. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा. तिथे दम खायला जागा मिळते आणि चालत गाणाऱ्याला ती लागतेच. ‘जे का रंजले गांजले’सारखा आठ-आठ अक्षरांचा लहान अभंग आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात अलगद बसतो. तुकोबांच्या गाथेत ‘॥ध्रु.॥’ ही ध्रुपदाची (परतपरत गायच्या कडव्याची) खूण बहुधा दुसऱ्या कडव्यावर असते. ‘सुंदर ते ध्यान’मध्ये ती ‘तुळसीहार गळां’ या कडव्यावर आहे. जमावाने परत कुठे यायचे, हे त्या खुणेवरून कळते.

कीर्तनाची परंपरा नामदेवांपर्यंत (१२७०–१३५०) मागे जाते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तन-भजनाला रीतसर शाळा मिळाली. नारदीय कीर्तनाची वाट निराळी: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि सगळा भार एका बुवावर.

भजन बिघडते ते बहुतेक वेळा हातांमुळे. टाळाच्या दोन्ही वाट्या सपाट आपटल्या की मधली हवा कोंडते आणि ‘थप्’ असा मुका आवाज येतो. एक वाटी स्थिर धरून दुसरीची कड किंचित तिरपी लावावी. दोरी बोटांत सैल हवी, मुठीत आवळली तर नाद मरतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतात. कणीक सैल झाली तर पसरते, घट्ट झाली तर कडा सुटतात. लांबलेल्या भजनात ती वाळते, धुमाचा, म्हणजे या डाव्या तोंडाचा, खर्ज चढतो आणि पखवाज्याला ओला हात फिरवावा लागतो. वाजवून झाल्यावर ती काढून टाकलीच पाहिजे, वाळून चिकटली तर खरवडताना कातडे जाते.

लय चढणे हा रोग नव्हे, भजन चढायलाच हवे. पण ती पखवाजाने चढवायची. टाळकरी पुढे पळाले की चौथ्या चरणातली दमाची जागाच गिळली जाते आणि मागचे आवाज गळतात.

कोकणात आणि मुंबईत पेटी आल्यावर संगीत भजन रुजले, त्यातूनच दोन बुवांचा सामना, म्हणजे डबलबारी. इथे बुवा पेटीवर बसतो, रागदारीही दाखवतो, म्हणजे वाट पुन्हा एकट्या गळ्याकडे वळली. क्रम मात्र ओळखीचा राहिला: आधी नामाचा गजर, मग देवाच्या रूपाचा अभंग, पुढे गौळण. आणि गजर लागला की बुवालाही कोरसच्या मागेच जावे लागते.