जनुक नसणं आणि जनुक बिघडणं: पी-५३ चे दोन उंदीर

पी-५३ हे कर्करोग रोखणारं ट्यूमर सप्रेसर जनुक. ते 'निकामी झालं' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एकीत जनुकच काढलेलं असतं आणि प्रथिन बनतच नाही. दुसरीत प्रथिनाच्या साखळीतलं एखादं अमिनो आम्ल बदलतं. प्रथिन बनतं, पण बिघडलेलं. माणसांच्या गाठींत पी-५३ चे बहुतेक बदल दुसऱ्या प्रकारचे असतात, म्हणून नुसत्या नॉकआउट, म्हणजे जनुक काढलेल्या, उंदरावर भागत नाही.

पी-५३ चे नॉकआउट उंदीर १९९२ मध्ये आले. दोन्ही प्रती नसलेली पिल्लं बहुतांशी धडधाकट जन्मली, पण सहा महिन्यांत सुमारे तीन-चतुर्थांश उंदरांना गाठी झाल्या, प्रामुख्याने लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग).

२००४ मध्ये दुसऱ्या प्रकारचे उंदीर आले. त्यांच्यात प्रथिनाच्या १७२ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन होतं. (माणसात हीच जागा १७५ वी. क्रमांक जुळवताना इथे हमखास घोळ होतो.) एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असे उंदीर साधारण तितकेच जगले, जितके एक प्रत गमावलेले. नुसता जगण्याचा आलेख पाहिला तर दोघांत फरक दिसत नाही. तो शवविच्छेदनात दिसला: बिघडलेलं प्रथिन असलेल्यांत हाडांचा कर्करोग इतर अवयवांत कितीतरी जास्त वेळा पसरला होता. म्हणूनच बिघडलेल्या प्रतीची तुलना निरोगी उंदराशी करून थांबू नये. एक प्रत नसलेला उंदीर शेजारी हवाच.

कारण प्रथिनाच्या रचनेत आहे. पी-५३ चे चार रेणू एकत्र जोडून काम करतात. बिघडलेला रेणू त्या चौकडीत शिरून चांगल्यांचंही काम अडवतो. शिवाय तो पी-६३ आणि पी-७३ या भावंड प्रथिनांनाही धरून ठेवतो. नसलेलं प्रथिन यातलं काहीच करू शकत नाही.

ऊतीच्या कापावर पी-५३ प्रथिन दाखवणारं स्टेनिंग केलं की बिघडलेलं प्रथिन साचल्यामुळे गाठीतली केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. नॉकआउटमध्ये रंग शून्य. निरोगी ऊतीतही रंग जवळपास नसतोच, म्हणून 'रंग नाही म्हणजे जनुक ठीक' हा निष्कर्ष घातक. तिथे डीएनए तपासावाच लागतो. तोही जपून: गाठीत निरोगी पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे चांगली प्रत गेलेली असली तरी डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर तिचा फिकट पट्टा उमटतो.